"पर्यावरण परवानगी लागत नाही" हे कागदावर आणेपर्यंत : आमच्या माळावरचा सौर प्रकल्प

सोलापूर जिल्ह्यात आमच्या माळावरचा २ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू होऊन आता वर्ष होत आलं. केंद्राच्या पीएम-कुसुम या शेतकऱ्यांसाठीच्या सौर योजनेच्या 'अ' घटकातला हा प्रकल्प. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर पॅनेल उभे करायचे, वीज जवळच्या उपकेंद्राला द्यायची आणि पंचवीस वर्षांच्या कराराने तिचे पैसे घ्यायचे, असं त्याचं स्वरूप आहे. प्रकल्प सुरू झाल्यापासून नात्यातून आणि आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "पर्यावरणाची परवानगी कशी काढली?" प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं सलग लिहून काढते. अकृषिक वापर, वीजखरेदी करार, कर्जाचं तारण हे विषय मोठे आहेत, ते इथे घेत नाही. वन, झाडं, पाणी, प्रदूषण मंडळ आणि ग्रामसभा एवढंच.

जमीन दहा एकर, मुरमाड, वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर चार नावं : माझे सासरे (आम्ही अण्णा म्हणतो), चुलतसासरे तात्या आणि त्यांच्या दोन बहिणी. पाऊस झाला तर हुलगा-मटकी, नाहीतर नुसतं कुसळी गवत. ३३/११ केव्हीचं उपकेंद्र सरळ रेषेत तीन किलोमीटरच्या आत. लग्नाआधी मी पंढरपुरात एका सीएकडे कामाला होते, म्हणून कागदपत्रांचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

डिसेंबर २०२२ मध्ये निवडीचं पत्र आलं. जानेवारी २०२३ मध्ये बँकेने कागदपत्रांची यादी दिली, त्यात एक ओळ होती : "पर्यावरण मंजुरीची प्रत". ओळखीतून एक सल्लागार आला. त्याने साडेतीन लाख रुपये सांगितले आणि चार महिन्यांत मंजुरी आणून देतो म्हणाला. अण्णा द्यायला तयार होते. "काम अडायला नको," एवढंच त्यांचं म्हणणं. मी आठ दिवस मागितले आणि मूळ कागद वाचायला घेतले.

केंद्राची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. कोणत्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते याचं परिशिष्ट तिच्यासोबत आहे. त्यात खाणी आहेत, औष्णिक केंद्रं आहेत, जलविद्युत, अणुऊर्जा, सिमेंट, साखर कारखाने आहेत. सौर फोटोव्होल्टाइक, म्हणजे पॅनेलवर पडणाऱ्या उन्हापासून थेट वीज करणारे, प्रकल्प नाहीत. तरीही शंका येत राहिल्या, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १३ मे २०११ ला कार्यालयीन ज्ञापन (लेखी खुलासा) काढून स्पष्ट केलं की या प्रकल्पांना ही अधिसूचना लागू नाही. ७ जुलै २०१७ ला पुन्हा तेच, त्या वेळी सौर पार्क धरून. दोन्ही ज्ञापनं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. मी दोन्हींच्या प्रती काढल्या, नेमक्या ओळींवर खूण केली आणि बँकेत गेले.

मॅनेजरसाहेबांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "मॅडम, हे सगळ्यांसाठीचं पत्र झालं. तुमच्या प्रकल्पाला लागत नाही, असं तुमच्या नावाने कोण लिहून देणार?"

पुढचं दीड वर्ष आम्ही या एका प्रश्नाभोवती फिरलो. मंजुरी देणारं कार्यालय असतं, अर्जाचा नमुना असतो, फी असते. "लागत नाही" असा दाखला देणारी खिडकी कुठेच नसते. वन असो, अभयारण्य असो, झाडं असोत, प्रत्येक वेळी गाडी याच ठिकाणी येऊन थांबायची. म्हणून माझा सगळ्यांना पहिला सल्ला असा की परवानगीसाठी धावण्याआधी, ती लागू आहे का हे मूळ अधिसूचनेत वाचा, आणि लागू नसेल तर "लागू नाही" यासाठी कोणकोणते कागद एकत्र जोडता येतात ते बघा.

बँकेसाठी आम्ही असा संच केला : दोन्ही ज्ञापनांच्या प्रती, प्रकल्पाचं तंत्र, क्षमता, जमीन, बांधकाम यांचं एक पानी वर्णन, १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र (आता ५०० चा लागतो), आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेल्या सूचनेची पोच. शेवटच्या कागदाचं वजन सगळ्यात जास्त पडलं, कारण त्यावर सरकारी शिक्का होता.

ही सूचना म्हणजे काय ते सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची प्रदूषण निर्देशांकावरून नव्याने वर्गवारी केली. तेव्हा ६० आणि त्यावर लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवी, आणि २० पर्यंत पांढरी अशा श्रेणी होत्या. सौर फोटोव्होल्टाइक वीजनिर्मिती पांढऱ्या श्रेणीत आहे. पांढऱ्या श्रेणीला चालवण्याची संमती घ्यावी लागत नाही, राज्य मंडळाला कळवलं की पुरतं. आम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये कळवलं. पत्रात गट नंबर, क्षमता, पॅनेलची संख्या, पाण्याचा वापर, ट्रान्सफॉर्मरमधलं तेल किती आणि खराब झाल्यावर ते कुठे जाणार, एवढं लिहिलं. खर्च टपालाचा आणि झेरॉक्सचा. पत्र नेहमी दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. ई-मेल केलं असलं तरी शिक्क्याची प्रत हवीच, बँकेचे वकील तीच मागतात.

साडेतीन लाखांचा विषय तिथे संपला. मार्चमध्ये बँकेने ती ओळ यादीतून काढली आणि तिच्या जागी दोन नव्या घातल्या : जमीन वनक्षेत्रात नाही याचा दाखला, आणि अभयारण्यापासूनचं अंतर.

दोन्ही मागण्या रास्त होत्या, हे मी मनापासून म्हणते. सोलापूरच्या माळावर वन विभागाचे गट विखुरलेले आहेत. कुठे पन्नास एकर, कुठे पाच. कुंपण नसतं, झाडीही फारशी नसते, लांबून पाहणाऱ्याला ते पडीक रानच वाटतं. माळढोक अभयारण्यही आमच्याच जिल्ह्यात. १९७९ साली झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, पुढे ते बरंच कमी केलं गेलं. त्यामुळे जुन्या नकाशात आत असलेली गावं आज बाहेर आहेत, आणि तोंडी माहितीवर विसंबण्यात अर्थ नाही.

त्यात तो काळही गोंधळाचा. ३ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक अभयारण्याभोवती किमान १ किलोमीटर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठेवावं असं म्हटलं होतं. २६ एप्रिल २०२३ ला न्यायालयानेच तो आदेश बदलला आणि सरसकट अंतराची अट काढली. बँकेची मागणी आली ती या दोन तारखांच्या मध्ये. ज्याला विचारावं तो वेगळं अंतर सांगायचा. शिवाय बँकेच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा माळढोकाविषयीचा आदेश वाचलेला. त्यात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याविषयी सांगितलं होतं, पण तो राजस्थान आणि गुजरातच्या क्षेत्रापुरता होता. तेवढा भाग इंग्रजीतून काढून, खाली मराठीत समजावून दिला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

दाखला मागायचा तर आधी आपली हद्द पक्की हवी. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज केला, अतितातडीची फी भरूनही तारीख मेच्या शेवटी मिळाली. मोजणीला चारही खातेदार आणि लगतचे शेतकरी हजर राहतील अशी व्यवस्था करा. लगतच्या एकाने जरी हरकत घेतली तरी 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) अडकते. मोजणीच्या दिवशी आम्ही स्वतःच्या खर्चाने डीजीपीएसवाला (उपग्रहाच्या मदतीने नेमकी जागा मोजणारा) सर्वेअरही आणला, पंचवीस हजार रुपये घेतले त्याने. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि केएमएल फाइल, म्हणजे संगणकाच्या नकाशावर हद्द दाखवणारी फाइल, मिळाली. ही फाइल पुढे वन विभाग, महावितरण, बँक, सगळीकडे उपयोगी पडली. नुसत्या गट नंबरावर चौकशी केली की प्रत्येक जण आपापला नकाशा काढतो. केएमएल दिली की सगळे एकाच नकाशावर येतात.

सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही काढा, जितके मागे जाता येईल तितके. 'राखीव वन' किंवा खाजगी वने संपादन अधिनियम १९७५ ची नोंद एखाद्या जुन्या फेरफारात दडलेली असू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशापासून वन म्हणजे काय हे मालकीवर ठरत नाही, त्यामुळे "जमीन आमच्या नावावर आहे" हे उत्तर पुरत नाही. विदर्भातल्या वाचकांनी झुडपी जंगलाच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावं, मे २०२५ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आहे. आमचे फेरफार तलाठी भाऊसाहेबांनी अभिलेख कक्षातून शोधून दिले, काही पानं मोडी लिपीत होती. ती वाचायला तात्यांचे एक जुने मित्र आले. सुदैवाने वनाची नोंद निघाली नाही.

याच सुमारास ग्रामसभा झाली. १ मेच्या सभेत विषय ठेवला होता. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. उन्हामुळे माणसं आली नाहीत आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात मूठभर लोकांत ठराव करून घेता आला असता. सरपंचांनी तसं सुचवलंही. अण्णा नको म्हणाले. "पंचवीस वर्षं इथं राहायचंय. लोकं येऊ द्यात." दिराने आणि मी घरोघर सांगितलं, सभा संध्याकाळी सहाला घेतली, आणि मारुतीच्या देवळासमोर जागा पुरली नाही.

कुठल्याही सरकारी नमुन्यात नव्हते असे प्रश्न त्या संध्याकाळी आले. पॅनेलमुळे पाऊस कमी होतो का, हा पहिला. त्याला आधार नाही, असं सांगितलं. पण पॅनेलच्या भोवतालची हवा थोडी तापू शकते, हेही सांगितलं, कारण ते खरं आहे. मग मागून एक मावशी उठल्या. "पुसायला पाणी कुठनं आणणार? आमच्या हापशाला फेब्रुवारीत पाणी नसतंय."

या प्रश्नाला तयार उत्तर नव्हतं. आमच्या आराखड्यात 'बोअरवेल' असं एका शब्दात लिहिलेलं होतं. मी तिथेच कागदावर हिशोब मांडला. साधारण ४,८०० पॅनेल, एकाला दोन लिटर, म्हणजे एका धुण्याला जवळजवळ दहा हजार लिटर. धूळ उडते ते नोव्हेंबर ते मे हे सात महिने, महिन्याला दोनदा धरलं तर वर्षाला दीड लाख लिटरच्या आत. आकडा मोठा नाही, पण तो नेमका टंचाईच्या महिन्यांत लागतो, आणि मावशींचं म्हणणं तेच होतं. सभेत ठरलं की प्रकल्पासाठी बोअर घ्यायची नाही. पॅनेलवरून ओघळणारं पावसाचं पाणी चरांतून एका शेततळ्यात घ्यायचं, दोन धुण्यांतलं एक कोरड्या ब्रशने करायचं, आणि वर्षाला किती पाणी वापरलं ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं. शेततळ्याला प्लॅस्टिक कागदासह खर्च आला, पण टँकरचा वाचलेला खर्च पाहता तो काही वर्षांत फिटेल.

दुसरा प्रश्न मेंढपाळांचा. पावसाळ्याच्या तोंडी आणि दिवाळीनंतर आमच्या माळावरून मेंढ्यांचे कळप जातात. कागदावर वाट नाही, वहिवाट आहे. दहा एकराला सलग कुंपण घातलं असतं तर त्यांना दीड किलोमीटर वळसा पडला असता, तोही डांबरी रस्त्यावरून. पश्चिम बांधाला लागून पंधरा फुटांची पट्टी कुंपणाबाहेर ठेवायची असं ठरलं. पॅनेलखालचं गवत मारायला तणनाशक फवारायचं नाही, गवत मेंढ्यांना किंवा कापून न्यायला द्यायचं, हेही ठरावात लिहून घेतलं. यामुळे आराखड्यातली पॅनेलची एक रांग हलवावी लागली आणि इंजिनिअर जरा नाराज झाला. पण पुढे काम चालू असताना गावातून एकही तक्रार गेली नाही. इतर कुठल्याही कागदापेक्षा मला या ठरावाची नक्कल जास्त मोलाची वाटते.

जूनमध्ये उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज दिला : सातबारा, फेरफार, 'क' प्रत, केएमएल, उपकेंद्रापर्यंतच्या ११ केव्ही वाहिनीचा मार्ग. अभयारण्याच्या अंतरासाठी वेगळा अर्ज वन्यजीव विभागाकडे केला. दोन विभाग वेगळे आहेत, एकाचं पत्र दुसऱ्याला चालत नाही. मग पाऊस सुरू झाला आणि वाट पाहणं. या काळात फोन करून उपयोग होत नाही. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन फाइल कोणत्या टेबलावर आहे एवढंच विचारायचं आणि आवक क्रमांक हातात ठेवायचा. निवडपत्रातली मुदत पळत होती आणि रात्री झोप लागत नव्हती. योजनेच्या मुदतवाढीचा अर्ज मी याच वेळी करून ठेवला. तो पुढे मंजूर झाला. उशीर आपल्यामुळे नाही हे दाखवायला प्रत्येक अर्जाची पोच तारखेनुसार लावलेली होती, तिचा उपयोग झाला.

ऑगस्टच्या अखेरीस वनपाल आणि वनरक्षक पाहणीला आले. आमचा गट स्वच्छ निघाला. मग वाहिनीचा मार्ग चालायला सुरुवात केली. दीडएक किलोमीटर गेल्यावर वनरक्षक थांबले. त्यांनी काठीने गवत बाजूला केलं. खाली गुडघ्याएवढा दगड, चुना जवळजवळ उडालेला, पण कोरलेला नंबर वाचता येत होता. वन विभागाची हद्द. आमची वाहिनी त्या गटाच्या कोपऱ्यातून जात होती, जेमतेम दोनशे मीटर. "इथं खांब रोवायचा म्हटलं तर दिल्लीपर्यंत कागद जाईल, ताई," ते म्हणाले.

अतिशयोक्ती फारशी नव्हती. वनजमिनीचा वापर बदलायचा तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राच्या परिवेश पोर्टलवर प्रस्ताव, वनहक्क दाव्यांबाबतचा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला, झाडांची मोजणी, निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम (वनजमिनीची भरपाई), आधी तत्त्वतः आणि मग अंतिम मान्यता असा प्रवास असतो. दुसरा पर्याय म्हणजे ग्रामीण रस्त्याच्या कडेने वळसा घालणं. साधारण एक किलोमीटर वाहिनी वाढणार, ठेकेदाराने किलोमीटरला सहा ते सात लाख सांगितले. घरात दोन रात्री चर्चा झाली. तात्यांचं मत होतं की पैसे वाचवावेत, प्रस्ताव टाकावा. मला वळसाच योग्य वाटला, आणि फक्त वेळेसाठी नाही. तो वनगट म्हणजे गवताचा सलग तुकडा आहे. पहाटे तिथे चिंकारा दिसतात, खोकड दिसते. दोनशे मीटरसाठी तिथे खांब आणि देखभालीची वाट करण्यात मला अर्थ दिसेना. अण्णांनी वळशाच्या बाजूने निर्णय दिला.

रस्त्याच्या कडेने जायचं तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची परवानगी. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, जिल्हा परिषदेच्या की सार्वजनिक बांधकामच्या, हे आधी तपासा. आमच्या मार्गात दोन्हींचे तुकडे होते, म्हणून दोन अर्ज, दोन अनामत रकमा. ओढा ओलांडताना खांब पात्रात न रोवता दोन्ही काठांवर घेतले. ओढ्याच्या त्या टप्प्यावर तारांना पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या लावल्या. तशी सक्ती आम्हाला नव्हती. माळढोकासारख्या जड पक्ष्याला समोरच्या तारा वेळेत दिसत नाहीत आणि उडताना तो पटकन वळू शकत नाही, तारांना धडकून ते मरतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आपल्या राज्यात माळढोक जवळजवळ संपलाच. पण त्याच आकाशातून करकोचे आणि पाणकोंबड्या संध्याकाळी तलावाकडे जातात.

दोन्ही पत्रं एकदम मिळाली नाहीत. वन विभागाचं सप्टेंबर २०२३ मध्ये सुधारित मार्गासह आलं, वन्यजीव विभागाचं नोव्हेंबरमध्ये. पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून गट नंबर, क्षेत्र, गावाचं नाव वाचा. एका पत्रात आमच्या गावाच्या नावातलं 'खुर्द' राहिलं होतं. तेव्हाच दाखवलं म्हणून दोन दिवसांत दुरुस्त झालं. बँकेत गेल्यावर कळलं असतं तर महिना गेला असता.

आता चिंचा. गटात चार जुन्या चिंचा होत्या. महाराष्ट्र झाडे तोडण्याचे (नियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत चिंच आहे, आंबा, जांभूळ, मोह, सागवान, खैरही आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी यांतलं झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्जाला सर्व खातेदारांची संमती, सातबाऱ्यावर झाडांची नोंद, पंचनामा. खातेदारांतल्या एक आत्याबाई पुण्यात, त्यांची संमती नोटरी करून टपालाने मागवली.

अर्ज लिहिताना पुन्हा आराखडा पाहिला. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे पॅनेलच्या उत्तरेला असलेल्या झाडाची सावली त्यांच्यावर जवळजवळ पडत नाही. दोन चिंचा उत्तर बांधावर होत्या. त्या उगाचच तोडण्याच्या यादीत गेल्या होत्या. तिसरीच्या भोवती नियंत्रण खोली आणि ट्रान्सफॉर्मर हलवले. चौथी मात्र बरोबर मध्ये, दुपारनंतर तीन रांगांवर सावली टाकणारी. तिची परवानगी जानेवारी २०२४ मध्ये आली, बदली झाडं लावण्याच्या अटीसह. ज्या दिवशी ती पाडली त्या दिवशी अण्णा शेतात आले नाहीत. त्यांच्या आजीने लावलेली चिंच होती ती. बदल्यात आम्ही उत्तर बांधाला चिंच, कडुनिंब आणि बोर लावली, दोन उन्हाळे टँकरने जगवली.

मार्च २०२४ मध्ये काम सुरू झालं. सपाटीकरणाचा मुरूम त्याच गटात वापरला. बाहेरून आणलेल्या मुरमाला मात्र स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं, तेव्हा ब्रासला (१०० घनफुटांना) ६०० रुपये होतं, आणि पावती गाडीच्या नंबरासह जपून ठेवावी लागते. ठेकेदार "नंतर देतो" म्हणतो, ऐकू नका. पावती नसेल तर दंड जमीनमालकाच्या नावावर येतो. नैसर्गिक उतार बदलू नये म्हणून पूर्वेकडची ओघळ न बुजवता तिच्यावर नळ्या टाकल्या. नाहीतर पावसाळ्यात खालच्या शेतकऱ्याचा बांध फुटला असता.

एप्रिलमध्ये खड्डे घेणाऱ्या मशीनच्या चालकाने मला बोलावून नेलं. मुरमात चार अंडी होती. रंग मुरमासारखाच, काळे ठिपके, घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेला बारीक खडे लावलेले. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. कुठल्याही परवान्यात याविषयी अट नव्हती. आम्ही चार खांबांना लाल कापड बांधून तो कोपरा सोडला आणि दुसऱ्या टोकाने काम चालू ठेवलं. पिल्लं निघायला जवळजवळ महिना लागतो, तेवढ्यात बाकीचं काम भरपूर होतं. ठेकेदाराच्या माणसांनीही नंतर रोज सकाळी तिकडे नजर टाकायची सवय लावून घेतली.

पावसाळ्यात वाहिनीचं काम रेंगाळलं. विद्युत निरीक्षकांची पाहणी झाली, ट्रान्सफॉर्मरखाली गळलेलं तेल जमिनीत मुरू नये म्हणून केलेला सिमेंटचा खड्डा त्यांनी बारकाईने पाहिला. तो आराखड्यात सुरुवातीपासून असू द्या, नंतर करायला ट्रान्सफॉर्मर हलवावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहिनी भारित झाली, म्हणजे तिच्यातून वीज वाहू लागली. वन, झाडं, सर्वेअर, अनामत, कागद असा या सगळ्या बाजूचा खर्च, वाढीव वाहिनी धरून, दहा लाखांच्या थोडा वर गेला. त्यातला बहुतेक वाहिनीचाच.

त्यानंतर महिन्याभरात, १२ नोव्हेंबर २०२४ ला, केंद्राने अधिसूचना काढून पांढऱ्या श्रेणीतल्या उद्योगांना जल आणि वायू कायद्यांखालच्या संमतीतून रीतसर सूट दिली. आधी हे मंडळाच्या वर्गवारीवर चालायचं, आता त्याला थेट अधिसूचनेचा आधार आहे. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी बँकेला हीच प्रत द्यावी. मंडळाला लेखी कळवणं मात्र चुकवू नका.

यंदा कर्जाच्या वार्षिक आढाव्यात नव्या अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, "पर्यावरण मंजुरी कुठे आहे?" मी अधिसूचना, दोन्ही ज्ञापनं आणि शिक्क्याची पोच पुढे ठेवली. त्याच दिवशी विषय मिटला. सध्या एकच काम बाकी आहे. उभारणीत आणि मेच्या वादळात फुटलेले पॅनेल खोलीत रचून ठेवले आहेत. ई-कचरा नियम २०२२ खाली, १ एप्रिल २०२३ पासून, सौर पॅनेलही येतात, त्यामुळे ते भंगारवाल्याला देता येत नाहीत. परत नेण्याची जबाबदारी पुरवठादाराची, हे आम्ही खरेदी करारातच लिहून घेतलं होतं. अनुक्रमांकांची यादी आणि फोटो पाठवले आहेत, पुढच्या महिन्यात त्यांची गाडी येणार आहे.